एकच टिक, आणि सुधाकाकूंचा रिपोर्ट

स्क्रीनवर एकच टिक होती. सव्वाचार वाजले होते. मी मोबाइल काउंटरवर ठेवला, परत उचलला, परत पाहिला. एकच.

"भाभी, मेसेज गया?" आतून मुकेश भियांनी विचारलं. ते आमचे टेक्निशियन.

"गया तो है. पहुँचा नहीं."

"तो फोन लगाओ ना! पॅनिक व्हॅल्यू है, कोई बर्थडे का मेसेज थोड़ी है!"

मी देवासच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. शिक्षण बारावीपर्यंत, तेही इंग्रजीत अडकलं. धारहून लग्न होऊन इथं आली, मुलगी झाली, मग ही नोकरी धरली. रक्तातलं मला काही कळत नाही. पण चार-पाच शब्द पाठ झालेत, त्यातला हा एक. पॅनिक व्हॅल्यू म्हणजे रिपोर्टमधला असा आकडा की तो दिसला की छापणं-बिपणं नंतर, आधी पेशंटला कळवायचं. लगेच.

पेशंट होत्या सुधा पाठक. आमच्या मराठी मंडळातल्या, म्हणून मी सुधाकाकू म्हणते. त्यांच्या हृदयातली झडप बदललेली आहे. अशा माणसाला रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. किती पातळ झालं ते बघायला दर महिन्याला तपासणी, तिला आयएनआर म्हणतात. काकूंचा आकडा तीनच्या आसपास पाहिजे. त्या दिवशी आठ पॉइंट नऊ आला. मुकेश भियांनी मशीन परत चालवली. परत तेवढाच.

"इतका झाला तर काय होतं?" मी विचारलं.

"कहीं भी खून छूट सकता है भाभी. अंदर ही अंदर. सिर में भी." मग हळूच म्हणाले, "गोली कब लेती हैं ये?"

संध्याकाळी सातला. मला माहीत होतं, काकू दर वेळी सांगायच्या. सातच्या आत ती गोळी थांबवायची आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं, एवढंच काम होतं. मी फोन लावला. स्विच ऑफ. परत लावला. स्विच ऑफ. ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहिली त्यांना लावला, त्यांचा क्लिनिक सहाला उघडतो, कोणी उचलेना.

आता इथं मला माझी चूक सांगावी लागेल.

आधी लॅबमधून साधे एसएमएस जायचे. 'आपली रिपोर्ट तयार आहे', असे. त्याचा पॅक घ्यावा लागायचा, महिना संपायच्या आधी पॅक संपायचा, आणि लॅबचे मालक, आमचे सर, चिडायचे. मीच म्हटलं, सर, नेटवाला मेसेज करू ना, लॅबच्या मोबाइलवर नेट तर आहेच, वेगळा पैसा कशाला? पूर्ण रिपोर्ट पण जाते, फोटोसकट. सरांना एकदम पटलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, हिला सुचलं, तुम्हाला नाही." मला इतकं बरं वाटलं. नवी नोकरी, तीन महिने पण झाले नव्हते.

मग मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागली, ज्यात नेट चालतं तो नंबर सांगा. म्हाताऱ्या माणसांकडे बटणवाला फोन. ते मुलाचा नंबर द्यायचे. कॉम्प्युटरमध्ये नंबरसाठी खाना, म्हणजे रकाना, एकच. मी जुना पुसायची, नवा टाकायची. असे कितीतरी पुसले. सुधाकाकूंनी त्यांच्या नितीनचा नंबर दिला होता. नितीनदादा कारखान्यात, आठ ते आठच्या ड्यूटीला. आणि कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, बंद करून, लॉकरमध्ये.

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या ह्यांचाही मोबाइल असाच गेटवर जमा होतो. मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा मी दिवसभर ह्यांना फोन लावत बसली होती. तरी ते नंबर टाकताना माझ्या डोक्यात हे आलं नाही. आजही विचार करते, कसं आलं नाही?

सर बाहेरून आले. मी उभी राहिली.

"सर, सुधा पाठक... आयएनआर आठ पॉइंट नऊ... मुलाचा फोन बंद आहे."

"घरचा नंबर?"

"तोच आहे सर."

"अगं, आधी ज्यावर एसएमएस जायचे तो? पाठककाकांचा बटणवाला?"

"तो... मी उडवला सर. खाना एकच होता."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "मेसेज कधी टाकलास?"

"सव्वाचारला."

"आणि आत्ता?"

चार चाळीस झाले होते. पंचवीस मिनिटं मी टिक बघत आणि तोच बंद फोन लावत बसली होती.

"पत्ता?"

रजिस्टरमध्ये पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, देवास. एवढंच. माझ्याच अक्षरात.

तेव्हा मला सकाळचं आठवलं. सकाळी रक्त द्यायला काकूंनी हात पुढं केला तर मनगटाच्या वर निळे-जांभळे डाग. मी विचारलं होतं, काकू हे काय? त्या हसून म्हणाल्या, "काल बांगड्या भरल्या ना, आज मंदाकडे चैत्रातलं हळदीकुंकू आहे. त्या मेल्या कासारानं हात दाबून दाबून लहान मापाच्या चढवल्या." मी पण हसली. हिरव्या बांगड्या छान दिसत होत्या. ते डाग बांगड्यांचे नव्हते.

मी सासूबाईंना फोन लावला. मागून चिऊ रडत होती. चिऊ माझी मुलगी, चौदा महिन्यांची. पाचला मी घरी जाते तिला पाजायला.

"आई, सुधाकाकूंचं घर कुठं?"

"मला काय माहीत? नवीन घर घेतलंय त्यांनी. मंदाला विचार. आणि तू निघालीस का? हे लेकरू माझा जीव खातंय."

"आई, वेळ लागेल. तिला वरणाचं पाणी द्या."

"अगं पण..."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंचा फोन मी मध्येच ठेवला.

मंदामावशी, आमच्या मंडळातल्याच, फोन उचलत नव्हत्या, घरात पन्नास बायका असणार. त्यांचं घर मला माहीत होतं. मी सरांना म्हटलं, मी जाते. स्कूटी काढली. रस्त्यात एक भाजीवाला ओरडला, "ओ बेन, देख के!" मी बघितलं पण नाही.

मंदामावशींच्या दारात चपलांचा ढीग. आत कैरीच्या डाळीचा वास, सगळ्या नटलेल्या, आणि मी लॅबच्या ॲप्रनमध्ये. मावशी कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या. "ये ग बाई, ओटी..."

"मावशी, सुधाकाकू कुठंय?"

"अजून आली नाही. आश्चर्य आहे, दर वर्षी पहिली येते."

मी सांगितलं काय झालं ते. मावशींनी करंडा दुसरीच्या हातात दिला आणि देवळीतून एक वही काढली. मावशी हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघर जाऊन करतात, उन्हातान्हात, प्रत्येक दारात कुंकू लावून. त्या वहीत नाव, गल्ली, दार, सगळं. मागच्या वर्षी मीच त्यांना म्हटलं होतं, मावशी, ग्रुपवर टाका ना, एका मिनिटात होतं. त्या म्हणाल्या होत्या, "ग्रुपवर बोलावलं की कोणी रुसायला पण येत नाही." सगळ्या हसल्या होत्या, मी जरा जास्तच.

मावशींनी बोट ठेवलं. "पाण्याच्या टाकीमागं, दुसरी गल्ली, निळं गेट, दारात पपईचं झाड. थांब, मी पण येते."

"मावशी, घरात बाया..."

"बाया कुठं पळतात? चल."

नऊवारीतल्या मंदामावशी माझ्यामागं स्कूटीवर बसल्या. मी एका हातानं सरांना फोन करून पत्ता सांगितला. निळं गेट उघडंच होतं. आत टीव्ही मोठ्यानं चालू, पाठककाका समोर बसलेले, त्यांना कमी ऐकू येतं. टीव्हीच्या शेजारी बटणवाला फोन. चालू. चार्ज केलेला. मी तो पाहिला आणि मान खाली घातली.

काकू आतल्या खोलीत आडव्या होत्या. नवी साडी नेसलेल्या, बांगड्या घातलेल्या. उशाशी रुमाल, रुमालावर लाल.

"अगं, तू कशी?" उठायला लागल्या. "नाकातून जरा आलं. उन्हाचं असेल. डोकं पण जड झालंय, म्हटलं पाच मिनिटं पडावं, मग जाऊ."

"काकू, गोळी घेतली नाही ना? सातची?"

"घेतली की. हळदीकुंकवात विसरीन म्हणून आत्ताच घेतली. का ग?"

"कधी? किती वाजता?"

"साडेचार झाले असतील."

साडेचार. माझा मेसेज सव्वाचारचा. तो बाहेरच्या खोलीतल्या त्या बटणवाल्या फोनवर आला असता, तर काकांनी वाचला असता. मावशींनी काकूंना उठवून बसवलं. तेवढ्यात सरांची गाडी आली. सरांनी काकांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, गाडीत बसा, बाकी रस्त्यात सांगतो.

दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. तो होईपर्यंत बाकावर मी, मावशी, काका, सर. काका एकदाच म्हणाले, "तिनं सकाळपासून चहासुद्धा नीट घेतला नाही." मी मनात काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही.

स्कॅन चांगला आला. डोक्यात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळी बंद केली, भरती करून घेतलं. म्हणाले, "आणखी दोन दिवस अशीच गोळी घेतली असती तर मी काही सांगू शकलो नसतो." हे पण कळलं की काकूंनी दातासाठी दुसरीकडून औषध घेतलं होतं, त्यानं रक्त जास्त पातळ झालं.

घरी पोचली तेव्हा साडेसात वाजले होते. चिऊ रडून झोपली होती. सासूबाई रागावल्या नाहीत, मंदामावशींनी फोन करून सगळं सांगितलं होतं. लॅबचा मोबाइल माझ्याकडेच राहिला होता; आठ वाजून सहा मिनिटांनी त्यावर एका टिकच्या दोन झाल्या. नितीनदादा गेटवर आले होते. लगेच त्यांचा फोन आला. काय बोलली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी गेली समजून, हिशेब घ्यायच्या तयारीनंच गेली. सरांनी बसवलं.

"आयडिया तुझी होती, पण त्याला 'हो' मी म्हटलं होतं. आता हे बघ." त्यांनी कॉम्प्युटरवाल्याकडून दुसरा खाना करून घेतला होता. नेटवर रिपोर्ट जाईल, ते बंद नाही. पण पॅनिक व्हॅल्यू असेल तर आधी फोन, आणि समोरून माणसाच्या तोंडून 'कळलं' ऐकल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. बटणवाल्यांसाठी एसएमएसचा लहान पॅक परत घेतला. पुसलेले नंबर मी जुन्या कागदी पावत्यांतून शोधून भरले. पंधरा दिवस लागले.

महिन्यानं सुधाकाकू तपासणीला आल्या. हाताचे डाग गेले होते. मी विचारलं, "काकू, नंबर कोणता लिहू?"

"दोन्ही लिही." मग बाही वर सारत म्हणाल्या, "आणि नाही लागला तर तू ये. घर तर पाहिलंच आहेस."