दोरीत ओवलेल्या तीन फ्लॉप्या

चालू झाला! अहो, चक्क चालू झाला! काल दुपारी माळ्यावरून तो जुना कॉम्प्युटर मीच खाली काढला, धूळ झटकली, डॉसची फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. आधी पंख्याची घरघर, मग ड्राइव्हची ती ओळखीची करकर, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं! सवयीप्रमाणे त्यानं पहिला प्रश्न विचारला, आज तारीख काय? मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं नाचू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. ते चादरीच्या एका कारखान्यात कार्डं पंच करायचे. म्हणजे चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका कार्डाला भोकं पाडायची, कार्डांवर नंबर घालायचे आणि सगळी क्रमानं दोरीत ओवायची. ती माळ मागावर चढली की भोकांबरहुकूम नक्षी विणली जायची. कार्डांचा क्रम चुकला की मोराची मान शेपटीला. नान्नांचं एकही कार्ड कधी चुकलं नाही. हा त्यांचा तोरा होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. काय त्याचा थाट! एसीची खोली, चपला बाहेर, मॉनिटरला हळदकुंकू. मालक नान्नांना म्हणाले, "पंधरा दिवसांत यावर मोर काढून दाखवा. न्हाय जमलं तर बाहेरून माणूस आणतो. मग तुमचं काय करायचं ते बघू."

तीस वर्षं भोकं पाडणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार होतं? मी नुकताच कॉम्प्युटरचा क्लास केला होता. "माझी पोरगी बसंल की," नान्ना म्हणाले.

आणि मी बसले! त्या मशीनच्या पोटात काहीच राहायचं नाही. एका फटीत मशीन चालू करणाऱ्या डॉसची फ्लॉपी, दुसऱ्या फटीत आपल्या कामाची. माउस नाही, रंग नाहीत. बाणाची बटणं दाबत एकेक चौकट भरायची. पण चौकट भरली की हिरवी उजळायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. नान्ना शेजारच्या स्टुलावर बसून मोराच्या चौकटीच्या कागदावरून आकडे सांगायचे. ओळ झाली की म्हणायचे, "हं, पुढं."

शिकण्यात आणि चुका खोडण्यातच बारा दिवस गेले. चौदाव्या दिवशी मोर पुरा झाला. क्लासात शिकवलं होतं तशा मी शहाण्यासारख्या त्याच्या तीन प्रती काढल्या, लेबलांवर एक, दोन, तीन लिहिलं आणि नान्नांच्या हाती दिल्या. "जपून ठेवा हं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मी नान्नांची पिशवी उघडली, तर काय! तिन्ही फ्लॉप्यांना कडेजवळ, आतल्या तबकडीच्या आरपार सुबक गोल भोकं, आणि त्यातून ओवलेली पक्की दोरी.

"नान्ना! हे काय करून बसलात?"

"नंबर होते की गं त्यांच्यावर. सुट्ट्या ठेवल्या तर क्रम चुकंल."

मी ताडताड बोलले. सगळं संपलं म्हणाले, अजून बरंच काही म्हणाले. आता आठवलं की जीभ चावते. नान्नांचा चेहरा पार उतरला. मोराचा कागद काम झाल्यावर मालकांच्या कपाटात गेलेला, कुलपात. मालक अक्कलकोटला दर्शनाला गेलेले, चारला येणार.

नान्नांनी चष्मा काढला, डोळे मिटले. "कोरी फ्लॉपी घाल. बस."

आणि सुरू झाले! ओकटी, रेंडू, मूडू, तेलुगूत मोजत, बोटं मांडीवर आपटत. बारा सोड, तीन भर. हं, पुढं. दर दहा ओळींनी मी सेव्ह करत होते. मध्ये एकदा लाइट गेली आणि सात ओळी उडाल्या. लाइट आल्यावर त्यांनी त्या सातही शांतपणे पुन्हा सांगितल्या. डब्यातली कडक भाकरी तशीच राहिली. शेवटचा तुरा भरला तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती.

मालकांनी कागद काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एक चौकट चुकली नव्हती! ते खूश झाले. "शाबास! उद्यापासून पोरीला येऊ दे. तुम्ही आता घरी आराम करा, लई राबलात."

आणि नान्नांनी हसून होकाराची मान हलवली. हलवली हो! माझं टाळकंच सटकलं. मी ती फ्लॉप्यांची माळ मालकांच्या टेबलावर ठेवली.

"मालक, ह्या तिन्ही सकाळीच मेल्यात. हा मोर यांनी डोळे मिटून सांगितलाय. मला नुसती बटणं दाबता येतात. येऊ तर दोघं येऊ, न्हायतर मी पण येत न्हाय."

मालकांनी ती माळ उलटीसुलटी करून पाहिली, भोकांवरून बोट फिरवलं. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "ते स्टूल काढ रे. तितं चांगली खुर्ची टाक."

सोळा वर्षं आम्ही दोघं शेजारी बसलो. कारखाना बंद पडला तेव्हा तो कॉम्प्युटर आमच्याच घरी आला.

काल त्याची करकर ऐकून नान्ना भिंतीला धरत बाहेर आले. ऐंशी कधीच ओलांडलीय, नीट दिसत नाही. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. मशीननं विचारलेली तारीख मी घातली.

"हं," नान्ना डोळे मिटून म्हणाले, "पुढं."