ह्यांना नको

नलू बंदरावर धावत आली तेव्हा मी जाळी शिवणाऱ्या जुन्या खलाशांत बसलो होतो. नलू म्हणजे आमची शेजारीण. "काका, घरी चला. काकी बोलत नाहीत," एवढंच म्हणाली. घरी आलो तर माझी बायको, शालन, तिच्या वेताच्या खुर्चीत बसलेली. मांडीवर ताट, ताटात वालाच्या डाळिंब्या… अर्ध्या सोललेल्या, अर्ध्या सालीसकट. समोर टीव्हीवर चित्र थांबलेलं आणि मधोमध अक्षरं, "अजून बघताय का?" डॉक्टर आले, हृदयाचं काहीतरी सांगून गेले. ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती अक्षरं मात्र शिरली. मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढं वाचता येतं. याला आता पाच आठवडे झाले.

शालनला खुनाच्या पिक्चरचं वेड होतं. नलूने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलंन आणि देवरूखची ही साधी बाई घरबसल्या जगभरचे खून बघायला लागली. गल्लीतल्या बायका तिलाच विचारायच्या, "काकी, रविवारी काय लावू?" ती लगेच नाव सांगायची नाही. आधी चौकशी. घरात कोण कोण आहे? सासू बसणार का? रक्त चालतं का? मग वैद्याने पुडी द्यावी तसं एक नाव द्यायची. "हा जेवताना बघू नको. आणि शेवट कळला तरी तोंड बंद ठेव, नाहीतर परत नाव मिळायचं नाही." तिने दोन जाती केल्या होत्या, एक रचलेले आणि एक खरेवाले. खऱ्या गुन्ह्यांवरचे ते खरेवाले बघताना ती कधी कधी चिडायची. "मारणाऱ्याचं लहानपण, त्याची शाळा, त्याची आई, सगळं सांगतात मेले. जी गेली तिचं नाव दोनदा घेतलंनी फक्त. मी मोजलं." असे पिक्चर ती कुणाला सांगायची नाही.

रोज सकाळी आठ वाजले की मला घराबाहेर काढायची. "जा बंदरावर, पाय मोकळे करून या. अकराच्या आत तोंड दाखवू नका." मला वाटायचं, हिला माझी कटकट नको. दुपारी चारच्या चहाला मग आम्ही दोघं मिळून एक पिक्चर बघायचो. खुनी कोण ते अर्ध्यात ओळखायचं, अशी आमची पैज. मी मिरजोळ्याला कारखान्यात बावीस वर्षं वॉचमन होतो, त्यावरून बोलणी खायचो. "काय हो, एवढी वर्षं फाटकावर बसलात आणि साधा चोर कळत नाही?" पण बहुतेक वेळा मीच जिंकायचो. ती भलत्याच माणसावर बोट ठेवायची. शेवट आला की "अगो बाई!" करून माझं मनगट घट्ट धरायची. मी बंदरावर जाऊन फुशारक्या मारायचो.

तेराव्यानंतर तिची वही हाती लागली. शंभरपानी वही, पिक्चरची नावं आणि पुढे कुणाला कुठला द्यायचा ते. "नलूला चालेल." "मंदाला नको, घाबरते." काही नावांसमोर फुली आणि शेजारी "ह्यांना नको". अशी अकरा नावं मोजली. ह्यांना म्हणजे मला. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मेलेल्या बायकोचा राग आला. चांगलं चांगलं स्वतः बघितलंन आणि मला उरलंसुरलं दिलंन, असं वाटलं. त्याच रागात त्यातलं एक नाव नलूकडून लावून घेतलं. नलू म्हणाली, "काका, हा नको. काकींनी आख्खा बघितलाय. खालची लाल रेघ भरलीय बघा." मी म्हटलं, लाव.

दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. समुद्रातून एक माणूस काढून वाळूवर ठेवला. अंगावर चादर. पोलीस एकाला म्हणाला, पुढे या, तोंड बघा…

मी टीव्ही बंद केला.

माझा धाकटा भाऊ, बाळा, माझ्याच होडीवरून पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. तोंड मी बघितलं, ओळख मी पटवली. त्यानंतर समुद्र सोडून वॉचमन झालो. त्या दिवसाबद्दल शालनशी एक शब्द बोललो नाही आणि तिनेही कधी विचारलंन नाही. नलू म्हणाली, "काका, अकराच्या अकरात पाणी आहे. काकींनी मला सांगून ठेवलं होतं, चुकूनसुद्धा लावून देऊ नको." म्हणजे मी बंदरावर असताना ही बाई एकटी बसून सगळं आधी बघत होती. बुडालेलं माणूस निघालं की फुली. नाही निघालं तर चार वाजता माझ्या शेजारी बसून तोच पिक्चर नव्याने बघायची. खुनी ठाऊक असताना मुद्दाम हरायची. ते "अगो बाई", ते मनगट धरणं… मला काहीच कळलं नाही. वॉचमन म्हणे!

वहीतलं शेवटचं नाव अर्ध्यावर राहिलेल्या त्या पिक्चरचं आहे. पुढे काही नाही. फुली नाही, कुणाचं नावही नाही. नलू दोनदा म्हणाली, "काका, मी बघून सांगते त्यात काय आहे ते." मी नको म्हटलं. ते काम नलूचं नाही.

अजूनही सकाळी आठला मी बंदरावर जातो. निघताना रिमोट तिच्या खुर्चीवर ठेवतो, शेजारी वही आणि पेन. जाळी शिवणारे विचारतात, "काय तात्या, सध्या कुठला पिक्चर?" मी जाळ्याचं एक टोक ओढून घेतो. कितीही ऊन लागलं तरी अकराच्या आधी घरी येत नाही. आल्यावर चपला काढायच्या आधी वही उघडतो… आज तरी काही लिहिलंन का बघायला.