डाव्या दरवाजावरच्या थापा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. बिघाड दिसला की त्याला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच माझा धर्म. शेजारच्या काकू कुणाची दृष्ट काढायला बसल्या की मला मिरच्या वाया गेल्याचं वाईट वाटतं. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण पोटात ठेवूनही राहवत नाही.

आम्ही नाशिकला राहतो, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून हायवेची वाहतूक अखंड ऐकू येते. वडिलांनी — आम्ही त्यांना आप्पा म्हणतो — फ्लॅट घेताना खोल्या नंतर बघितल्या, आधी ही खिडकी. जन्मभर ट्रक चालवला त्यांनी. देवळ्याचा कांदा भरून कुठे कुठे नेला. गाड्यांच्या आवाजाशिवाय त्यांना झोप येत नसे.

मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय थोडा सावरला, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकतात, म्हणजे ड्रायव्हरचा जो हात, नेमका तोच गेला. डॉक्टर म्हणाले, हाताची आशा धरू नका. तेव्हापासून आप्पांनी बोलणं सोडलं, जेवण घासभरावर आलं. मला वाटायचं, हा माणूस आजाराने नाही, पडून राहण्यानेच जाईल.

म्हणून मी गेमिंग कॉम्प्युटर घेतला. चौकाजवळ मोईनचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याने सगळं जोडून दिलं. समोर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन स्क्रीन, स्टिअरिंग, पेडल, आणि टेबलाच्या डाव्या कडेला गिअरची दांडी. दांडी नुसती शोभेला, कारण ट्रकचा गेम ऑटोमॅटिकवर ठेवला होता. पहिल्याच दिवशी आप्पा परदेशातल्या रस्त्यावर ट्रक हाकत म्हणाले, "रस्ते लय भारी हायेत, पण इथं कुणी हॉर्नच देत नाय. माणसं आजारी हायेत का काय?" आई पदर तोंडाला लावून हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मग स्क्रीन जायला लागल्या.

दुपारी जेवण झालं की ते खेळायला बसत. मध्येच तिन्ही स्क्रीन काळ्या. आवाज मात्र चालू — इंजिनचा, टायरचा. थोड्या वेळाने चित्र आपोआप परत. गेम खेळणाऱ्यांना हे दुखणं माहीत असेल, लोड आला की ग्राफिक्स कार्ड मान टाकतं. मी केबल बदलल्या, तापमान बघितलं, विंडोज नव्याने टाकली. मोईनने मोठा पॉवर सप्लाय बसवला, घराचं अर्थिंग तपासून घेतलं. शेवटी कॉम्प्युटर दुकानात नेऊन त्याने दिवसभर ताणून चालवला.

"ताई, एकदा पण स्क्रीन गेली नाय," तो म्हणाला. "मशीन एकदम ओके हे. घरी येऊन मीच खेळून बघतो."

तो आला, खेळला. काही नाही. मी खेळले. काही नाही. आप्पा बसले, आणि स्क्रीन गेल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा मी स्क्रीनकडे न बघता आप्पांकडे बघितलं.

ते थांबलेच नव्हते. काळ्या काचेकडे बघत गाडी चालवत होते. स्टिअरिंग हळूच वळवत होते, ब्रेक दाबत होते, सोडत होते. "आप्पा, काही दिसत नाहीये ना?" मी विचारलं. आणि त्यांचा डावा हात... तो मांडीवरून उठला, गिअरच्या दांडीवर गेला आणि सफाईने गिअर टाकला. तेवढ्यात टेबलाच्या डाव्या बाजूला आवाज झाला. धप, धप. पत्र्यावर तळहात पडावा तसा. आमचं टेबल प्लायवूडचं आहे, आणि त्या बाजूला कुणीही नव्हतं. मोईन पुटपुटत दारापर्यंत मागे सरकला.

चित्र परत आलं तेव्हा ट्रक वळणावळणाचा डोंगर उतरून खाली पोचला होता. गाडीला ओरखडासुद्धा नाही. आप्पांचा हात पुन्हा मांडीवर, निर्जीव. आंधळ्यासारखी गाडी कशी चालवली, असं विचारलं तर सहज म्हणाले, "भिका व्हता ना संगं."

भिका म्हणजे त्यांचा जुना क्लीनर, सायखेड्याचा. आप्पांना तो उस्ताद म्हणायचा. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर ट्रकने फिरलेय, म्हणून मला त्यांची पद्धत ठाऊक होती. डावीकडचं ड्रायव्हरला नीट दिसत नाही. ते क्लीनर बघतो आणि दरवाजावर बाहेरून थाप देऊन सांगतो. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. एक थाप पडली की ड्रायव्हरने का म्हणून विचारायचं नाही, ब्रेक दाबायचा.

भिका कसा गेला हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आईने सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

"देवळ्याकडून येताना घाटात गाडीचे लाइट गेले. अंधारून आलेलं. भिका डाव्या पायरीवर उभा राहिला नि थापा देत राहिला. त्याच्या थापांवर हे गाडी उतरवत आले. खाली येऊन बघतात तर पायरीवर कुणीच नाय. वरच्या पहिल्या वळणावरच पडला होता तो. सापडला तेव्हा संपलेला."

"मग खालपर्यंत थापा कुणी दिल्या?"

"तेच तर," आई म्हणाली. "हे म्हणतात, शेवटपर्यंत पडत होत्या."

त्याच क्षणी मी कॉम्प्युटर उचलून द्यायला हवा होता. पण तो हात! डॉक्टरांनी सोडून दिलेला हात मी माझ्या डोळ्यांनी हलताना बघितला होता. आशा फार वाईट असते. म्हटलं, अजून थोडे दिवस बघू. मी शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. अंधार दर वेळी लांबत गेला, आणि हात दर वेळी जास्त सुटा होत गेला. आप्पा मात्र भानावर यायला वेळ लावायला लागले. एकदा चित्र परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू कोणाची गं?"

शेवटच्या दुपारी आई गिरणीत गेली होती. स्क्रीन गेल्या आणि परत येईनात. थापा पडत होत्या, दोन... दोन... पुन्हा दोन. आप्पांच्या अंगाला घाम सुटला, ओठ निळसर दिसायला लागले. "आप्पा, पुरे, उठा आता!" मी त्यांचा डावा हात दांडीवरून ओढला. हलला नाही. इतकी ताकद त्या हातात निरोगी असतानाही नव्हती.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. आतले पंखे थांबले, इंजिनचा आवाज गेला, कॉम्प्युटर पुरता बंद झाला. आप्पा चालवतच होते. थापाही चालूच होत्या.

मग काय सुचलं कोण जाणे, मी टेबलाच्या डाव्या अंगाला गुडघ्यावर बसले आणि सगळ्या जोराने एक थाप दिली. "उस्ताद, थांबा!"

आप्पांचा पाय ब्रेककडे सरकला. आणि माझ्या हाताला लागून, अगदी लागून, दोन थापा पडल्या. लाकूड माझ्या तळव्याखाली थरथरलं. पाय परत मागे गेला.

मी पुन्हा एक दिली. पुन्हा दोन. मी रडत होते, "उस्ताद, माझं ऐका, माझं ऐका" म्हणत होते. शेवटी दोन्ही हात जोडून टेबलावर आपटले. एकच. आप्पांनी ब्रेक तळापर्यंत दाबला.

सगळं थांबलं. हात दांडीवरून घरंगळला आणि मांडीवर पडला. बराच वेळ ते धापा टाकत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, ओळखून बघितलं.

"का थांबवलीस?" ते म्हणाले. "सायखेड्याचा पूल आला व्हता. भिकाचं घर पुढंच हाय."

मोईनने कॉम्प्युटर परत नेला. आता तो दुसऱ्या कुणाकडे आहे, स्क्रीन एकदाही गेली नाही म्हणे. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून बघितले आणि हा हात हलणं शक्य नाही, असं समजावणीच्या सुरात सांगितलं. तो तेव्हापासून हललेला नाहीच.

मला ह्याचं कारण अजून सापडलेलं नाही. नीट शोधलं नाही असं म्हणायची माझी आता हिंमत नाही. त्या पुलापलीकडे भिकाचं घर होतं की आणखी काही, तिकडे जाऊन आप्पा हातासकट परत आले असते की आलेच नसते, हे कुणाला विचारू? आप्पा जिवंत आहेत. आईशी दोन शब्द बोलतात. पण त्या दुपारपासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.