मनगट

वेल्ह्याकडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आता आफ्रिकेत, मलावीतल्या एका गरीब खेड्यात मुलांच्या दंडाला मापाची पट्टी लावून कोण सुकलंय ते बघते आणि आयांना आहार सांगते. आमच्या केंद्रावर पेज शिजवणारी बाई मात्र रोज माझंच माप घेते. ओला हात कमरेच्या कापडाला पुसते, माझं मनगट दोन बोटांत धरते, 'चक्' करते आणि वाडगं पुढ्यात ठेवते. "सगळ्यांना खा म्हणतेस, तुला कोण म्हणणार?" वाडगं रिकामं होईस्तोवर समोरून हलत नाही.

काल तिच्यासमोरच आईचा फोन आला.

"जेवलीस का गं? तितं नाचणीची भाकर मिळती का न्हाई?"

"मिळती की. लई खाते," मी ठोकून दिलं.

बाईनं मनगट धरून 'चक्' केलं. ते आईला ऐकू गेलं.

"कोण गं ती?"

"हितं पेज करते, ती बाई."

"दे तिच्याकडं."

दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मी मुकाट्यानं पेज संपवली. फोन परत देताना बाईनं पुन्हा मनगट धरलं, आणि एसटी सुटेपर्यंत आई धरते, तसं धरूनच ठेवलं.