टँकर केंद्राच्या स्विचवरची वहिदा

वहिदा कुणाशी गोड बोलायची नाही. हर्सूलच्या अलीकडच्या टँकर केंद्रात ती कंत्राटावर होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडं तो वर्गणी मागायला आल्यासारखं बघायची. माझ्याकडंही. वस्तीसाठी भांडणारा माणूस मी, मला बघून भलेभले खुर्ची सरकवतात. ही बाई मानसुद्धा वर करायची नाही.

सोळा सालचा उन्हाळा. शेंद्र्याकडं कंपन्या उभ्या राहत होत्या, नव्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या चढत होत्या, आणि आमच्या वस्तीच्या नळातून नुसती हवा यायची. टँकरची नोंद केंद्रातल्या एकाच काउंटरवर, एकाच कॉम्प्युटरवर, दुपारी बारापर्यंत. चुकली की आठवडा कोरडा.

वहिदाच्या ताब्यात भिंतीवरचा स्विच होता, दिव्याचा नव्हे, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी. केंद्रातल्या सगळ्या वायरी त्या पेटीत येतात. जिथं वायर खोचतात तो पोर्ट. प्रत्येक मशीनला कारखान्यातूनच एक मॅक नंबर मिळालेला असतो. कोणता नंबर कोणत्या पोर्टवर, याचा तक्ता पेटी ठेवते. वहिदानं त्या तक्त्याला कुलूप घातलं होतं; बदल करता यायचा तो फक्त तिच्या मशीनवरून. या पोर्टवर हीच मशीन. दुसरी जोडली की पोर्ट आपोआप बंद.

मी एकदा म्हणालो होतो, "वहिदाताई, आमच्या मंडळाचा लॅपटॉप घाला की तक्त्यात. इथं जोडून आमची नोंद आम्हीच करू. बाया रांगेत उन्हात मरायल्या."

"नाय घालत. आज तुमचा घातला, तर उद्या बिल्डरचा कोणत्या तोंडानं थांबवू?"

मला बिल्डरच्या पंगतीत बसवलं! पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

मग एका सकाळी टँकरच्या ठेकेदाराचा माणूस विश्वजित काउंटरवर आला. कॉम्प्युटरमागची वायर उपसली, खिडकीतून शेजारच्या आपल्या केबिनात ओढली, लॅपटॉपला जोडली आणि आतून कडी लावली. सोसायट्यांच्या नोंदी रांगेआधी घुसवायच्या होत्या. पोर्ट बंद पडला. त्याचंही अडलं, आमचंही.

आतून ओरडला, "ए वहिदा, माझा नंबर घाल. तोवर वायर मिळणार नाही. बाया बघून घेतील तुला."

हरामखोरानं बरोबर ओळखलं होतं. रांग तिच्यावरच उलटली. आमच्या वस्तीतली सरूबाई, तोंडाची फाटकी, वहिदाच्या टेबलावर कळशी आपटून म्हणाली, "अगं घाल की त्या मुडद्याचा नंबर! आमाला पाणी पायजे, तुझं कुलूप नाय!"

"घालते, मौशी. मग तो दरवेळी तुमच्या आधी असंल. चालंल?"

"तुला काय, घरी नळ असंल!"

"आके देखो मेरे घर का नल!" वहिदा भडकली. "रोशन गेटला मीबी हंडाच उचलते."

मी केबिनच्या दाराला लाथ घातली. केंद्राचा अधिकारी श्रीनिवास धावत आला, तो मलाच दम द्यायला. मग वहिदाला म्हणाला, "घालून टाक त्याचा नंबर. विषय मिटव."

तिनं कीबोर्डवर काहीतरी बडवलं, स्वतःच्या मशीनची वायर उपसली, आणि जाऊन काउंटरचा कॉम्प्युटर उचलायला लागली. "बघता काय? हात लावा!"

कॉम्प्युटर तिच्या टेबलावर आला, तिचीच वायर त्याला लागली आणि चालू झाला. स्वतःच्या पोर्टवर तिनं काउंटरचा नंबर चढवला होता. तिच्या मशीनला आता कुठंच जागा नव्हती.

"आता सांगून उपयोग नाय, साहेब," ती म्हणाली. "मला काही घालताबी येत नाय, काढताबी येत नाय."

"मग इथं तुझं काम काय?" श्रीनिवास किंचाळला, आणि तिथल्या तिथं तिला घरी घालवलं.

आमची नोंद बाराच्या आत झाली. मी फाटकापर्यंत तिच्यामागं गेलो. "ताई, मोर्चा काढतो तुमच्यासाठी."

"मोर्च्यानं काय होतंय? उद्या माझ्या खुर्चीवर विश्वजितचा माणूस बसंल. जमलं तर त्याच्या आधी जाऊन बसा."

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडताच आम्ही आत शिरलो. विश्वजित खरंच एकाला घेऊन आला. वहिदाच्या खुर्चीवर सरूबाई बसलेली होती, आणि बोलवा पोलीस, मी उठत नाय, म्हणत होती.