ग्वेनने न सोडलेले बाण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, श्री. बंडोपंत, राहणार हेन्डरसन, यांनी आजवर असंख्य बाण अंगावर घेतले असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. एक कान तेवढा पावसाने गळून पडला आहे. चाहत्यांनी काळजी करू नये.

बंडोपंत हे फोमचं हरीण. सध्या ते आमच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभं असतं, पण त्याची मूळ मालकीण म्हणजे आमची शेजारीण ग्वेन. २०११ साली आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा सामानाची खोकी फोडायच्या आतच सुलभा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "माधव, लवकर ये! शेजारची आजी कुणाला तरी मारतेय!"

आजी सत्तरीला आलेली. पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात फुलाफुलांचा एप्रन आणि हातात तिच्याहून उंच लाकडी धनुष्य. मी कुंपणापाशी गेलो आणि शाकाहारी माणसाला शोभेल एवढा निषेध चेहऱ्यावर आणला.

"किया ओरा," ती इथला माओरी नमस्कार करत म्हणाली. "तू असतास तर कुठे मारला असतास?"

मी रुबाबात बंडोपंतांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"झालं! हरीण डोकेदुखी घेऊन पळालं, आणि तुझी झोप गेली." मग तिने मला हाताला धरून बंडोपंतांना प्रदक्षिणा घालायला लावली. समोरून सगळं हाडच हाड. मागून मारणं म्हणजे नुसतं पोट फाडणं. हरीण आडवं उभं राहिलं आणि पुढचा पाय पाऊलभर पुढे गेला, की खांद्यामागे तळहाताएवढी जागा उघडते. तिथे बाण गेला तर जनावराला काय झालं ते कळायच्या आत सगळं संपतं. "तेवढी जागा आपली, लव्ह," ती म्हणाली. "बाकीचं हरीण त्याचं स्वतःचं."

मी निषेध तिथेच कुंपणावर वाळत घातला आणि चहाला आत गेलो. तो निषेध परत आणायचा राहूनच गेला.

ग्वेनची वाक्यं तिच्या बाणांसारखी आखूड आणि सरळ असत. "'बहुतेक लागेल' म्हणजे 'नाही'," हे तिचं ब्रीद. शिकारीचा सगळा शास्त्रग्रंथ ती तीन वाक्यांत संपवायची: "जवळ जा. अजून जवळ जा. मग बहुतेक वेळा घरी जा." हा नियम ती इतरत्रही लावायची. कोपऱ्यावरच्या डेअरीत आइस्क्रीमच्या काचेला नाक लावून उभी राहायची आणि दूध घेऊन परत यायची. "जवळ गेले होते," असं अभिमानाने सांगायची.

तिच्या घरची रीत मात्र मी जगात कुठे पाहिली नाही. मार्च-एप्रिलमध्ये इथली नर हरणं माद्यांसाठी रानभर डरकाळ्या फोडत फिरतात. तो शिकारीचा मोसम संपला की ग्वेनकडे सगळं कुटुंब जेवायला जमायचं. आम्हीही जायचो. ते हरणाचं स्ट्यू खायचे, आम्ही मटार-बटाटे. इतर शिकारी काय मारलं ते सांगतात. या टेबलावर काय सोडून दिलं ते सांगायचं. "हरीण पाठमोरं होतं," कुणी म्हणायचं. "मध्ये फांदी होती," दुसरं कुणी. प्रत्येक न सोडलेल्या बाणाला सगळे जण चमच्यांनी टेबल बडवायचे. मला तर स्वर्गच! पुण्यात नाटकाला गेलो की मी इतक्या मोठ्याने दाद द्यायचो, की सुलभा दोन खुर्च्या सोडून बसायची. इथे मला दाद द्यायला हत्यार मिळालं होतं.

फक्त एका माणसाच्या ताटाशी चमचा नसायचा. तो ग्वेनचा मुलगा क्रेग. दारातून वाकून येणारा, प्लंबर, आवाज ढगांसारखा. काही वर्षांपूर्वी त्याने लांबवर चालत्या हरणावर घाईने बाण सोडला होता. जखमी हरीण पळालं. ग्वेन दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे रान तुडवत गेली आणि तिनेच त्या हरणाला वेदनेतून सोडवलं. घरी आल्यावर तिने आपल्या वडिलांचं धनुष्य, जे पुढे क्रेगला मिळायचं होतं, भिंतीवर टांगलं आणि त्याचा चमचा खणात ठेवला. तेव्हापासून तो दांडगा माणूस वाटीतलं कस्टर्ड काट्याने खायचा. सुलभाला एकदा राहवलं नाही. "द्या ना हो त्याला चमचा," ती म्हणाली. ग्वेन हसली. "तो मागतच नाही, डार्लिंग. म्हणून तर मला आशा आहे."

मग ग्वेनच्या खांद्याने दगा दिला. दोरी ओढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती गेली त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. त्या एप्रिलमध्ये तिने भिंतीवरचं धनुष्य काढून क्रेगच्या हातात दिलं. "या खेपेपुरतं," म्हणाली. आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं, कारण "घरचे साक्षीदार स्ट्यूच्या बाजूने बोलतात."

टाउपोच्या पलीकडच्या रानात, गाडीतून उतरताच, तिने माझी पिशवी हुंगली. सुलभाने प्रेमाने बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी दिली होती.

"हे काय आहे?"

"डबा."

"हा वास वाऱ्यावर गेला तर हरणं साउथ आयलंडपर्यंत पोहत जातील." डबा गाडीत कोंडला गेला. "आणि तुझं तोंड, लव्ह, तेही बाणच आहे. भात्यात ठेव."

"स्वीट ॲज," म्हणजे 'एकदम मान्य', असं मी इथल्या बोलीत कुजबुजलो आणि ओठ मिटले.

सकाळभर आम्ही नेच्यांत दबून बसलो. पलीकडच्या डोंगरावरून एक नर ओरडत होता, आणि त्याला उत्तर देत दुसरा थेट आमच्यासमोर येऊन ठाकला. काय ती शिंगं! अंतर आमच्या ड्राइव्हवेएवढं. क्रेगने दोरी ओढली. हरीण मात्र तोंड आमच्याकडे करून, छाती पुढे काढून उभं. सगळं हाडच हाड.

जुनं लाकडी धनुष्य ताणून धरणं म्हणजे चेष्टा नाही. क्रेगचे दंड थरथरायला लागले. गालावरून घाम ओघळला. ग्वेन हरणाकडे बघतच नव्हती. ती लेकाच्या बोटांकडे बघत होती.

क्रेगने दोरी हळूहळू ढिली करत परत जागेवर आणली. बाण काढला. भात्यात ठेवला.

ग्वेनने जाकिटाच्या खिशात हात घातला आणि चमचा काढला. घरून आणलेला. तिने तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि धनुष्यावरची त्याची बोटं आपल्या हाताने मिटली, धनुष्य आता तुझंच, असं सांगावं तशी. ढगांसारख्या आवाजाच्या त्या माणसाचा चेहरा आवाज न करता रडू लागला.

आणि त्याच क्षणी हरीण वळलं. पलीकडच्या डरकाळीकडे मान करून झकास आडवं उभं राहिलं, पुढचा पाय पाऊलभर पुढे, हुबेहूब बंडोपंत! क्रेगच्या एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात चमचा. मायलेक माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय, रान श्वास रोखून उभं आहे. मी शपथेवर सांगतो, मी ओठ घट्ट मिटले होते. पण आयुष्यभराची सवय छातीतून वर आली, आणि टाउपोचं रान दणाणून गेलं:

"वन्स मोअर!"