निरंक लिहिलेलं वर्ष

आमच्या तहसील कचेरीतून दर वर्षी एक तक्ता जिल्ह्याला जाई. तालुक्यात किती वादळं झाली, किती ठिकाणी वीज पडली, किती घरांचं नुकसान झालं. बरीच वर्षं तो मीच भरला. गावोगावच्या तलाठ्यांकडून पंचनामे येत, ते मोजायचे आणि आकडा लिहायचा. काहीच आलं नाही तर 'निरंक'. हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की त्याचा अर्थही मनात येईनासा झाला होता.

निवृत्त होऊन मोहोपाड्याला राहायला आलो. दोनेक वर्षांनी कर्जतकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडम मला शोधत घरी आल्या. वादळांवर त्यांचा अभ्यास चालू होता. तालुक्याचे वर्षवार आकडे त्यांनी एका कागदावर उतरवून आणले होते. आधीची वर्षं जवळजवळ सगळी शून्य, मग आकडा एकदम चढलेला.

"काका, वादळं वाढलीत असं म्हणता येईल ना?" त्यांनी विचारलं.

आकडा जिथून चढला होता ते वर्ष मला चांगलं आठवत होतं. त्या वर्षी सगळ्या तलाठ्यांचा मोबाइलवर ग्रुप झाला होता. कुठे पत्रा उडाला की तासाभरात फोटो यायचा. त्याआधी सगळं कागदावर, आणि तेही तलाठी तिथवर पोचला तर.

"वाढली असतीलही," मी म्हणालो. "पण या कागदावरून नाही सांगता येणार. इथे आमची मोजायची पद्धत बदललीय."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी वरच्या एका शून्यावर बोट ठेवलं. "आणि हे? हे तरी खरं आहे?"

मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. एका उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरावरच्या एका वाडीत भर दुपारी वादळ झालं आणि सगळी घरं उघडी पडली. वाडी वनखात्याच्या जमिनीवर, घरांची कुठेच नोंद नाही. नोंद नाही म्हणून पंचनामा नाही. चार दिवसांनी तिथली एक बाई खाली उतरून कचेरीत आली. डोक्याला वासा लागला होता, कपाळावर फडकं बांधलेलं. मी तिला नियम सांगितला, मदत मिळणार नाही हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मदत ऱ्हाऊ दे, सायेब," ती म्हणाली. "वारा तं आला ना? तेवडं तरी लिवा."

"तशी जागा नाही बाई तक्त्यात."

ते खोटं नव्हतं. रकाना नुकसान झालेल्या घरांचा होता. पण खाली शेरा लिहिता आला असता. शेरा लिहिला की वरून विचारणा होणार, उत्तरं मला द्यावी लागणार. मी निरंक लिहिलं आणि तक्ता सहीला पाठवला.

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो. मॅडम रागावतील असं वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग जाऊन विचारू या. निदान वर्ष तरी पक्कं होईल."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या गाडीतून निघालो. कुंभिवलीच्या पुढे हायवे सोडला, पायथ्याला गाडी लावली आणि थांबत थांबत चढलो. ती बाई भेटली. मी कोण ते तिला आठवेना. सांगितलं तेव्हा "असंल" म्हणाली आणि पाणी आणून दिलं. वादळ मात्र तिच्या लख्ख ध्यानात होतं.

"माजी धाकली तवा नुकती चालाया लागली व्हती."

"नाय गं," शेजारचा म्हातारा म्हणाला, "ते दुसरं वादळ. तुजं डोकं फुटलं ते त्याच्या आदल्या साली."

"एकच रं ते."

दोन की एक, यावर बराच वेळ गेला. धाकटीचं वय विचारलं, तर आधार कार्डावर एक निघालं आणि आई दुसरंच सांगत होती. मॅडमनी वहीत एक वर्ष लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं.

उतरताना माझी चाल मंदावली ती फक्त गुडघ्यांमुळे नाही. मॅडमच्या कागदावर शून्यं पुष्कळ होती. त्यातलं तेच त्या बाईचं, हे मी कशावरून धरून चाललो होतो? त्यांनी बोट ठेवलं, आणि मी माझी आठवण तिथे नेऊन बसवली. मी त्यांना हे गाडीत बसल्यावर सांगितलं.

नंतर मी जुन्या कचेरीत जाऊन आलो. त्या वर्षांचे कागद मुदत संपल्यावर नष्ट केले होते. म्हणून घडलं ते त्याच कचेरीच्या नावे एका अर्जात लिहून काढलं, वर्षाच्या जागी 'नक्की आठवत नाही' असं लिहिलं, आणि पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही.

मॅडमचा लेख छापून आला, एक प्रत त्यांनी मला पाठवली. त्यांनी आधीची सगळी वर्षं गाळलीत, त्या वाडीचं वादळही त्यांतच गेलं. आमच्या तालुक्याचा आलेख मोबाइल ग्रुपच्या वर्षापासून सुरू होतो. त्यांनी केलं ते बरोबर आहे, मला पटतं. पण तो लेख मी अजून कुणाला दाखवलेला नाही.